ओळखीच्या चेहऱ्याची धास्ती

लातूरजवळच्या बाभळगावच्या देशमुख घराण्यातला रितेश २०१४ च्या ‘एक व्हिलन’मध्ये राकेश महाडकर झाला. घरी बायकोची बोलणी मुकाट ऐकणारा हा नोकरदार बाहेर स्क्रूड्रायव्हरने बायकांचे खून पाडतो. एरवी विनोदी भूमिकांतून हसवणारा चेहरा तोच राहतो, म्हणूनच तो जास्त घाबरवतो.

राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’ने (१९६४) ही भीती दोन देहांत विभागली. बायकोचे अंत्यसंस्कार उरकलेल्या वकिलासमोर हुबेहूब तिच्यासारखी आरोपी येते आणि संसारातल्या खासगी गोष्टी सांगू लागते. पुरावे तिच्या विरुद्ध, आठवणी तिच्या बाजूने! वकिलाबरोबर प्रेक्षकही गोंधळतो.

जॉर्डन पील यांच्या ‘अस’मध्ये (२०१९) लाल कपड्यांतली चौघं रात्री एका कुटुंबाच्या दाराशी येतात. ती आपणच आहोत, हे सगळ्यांत आधी धाकटा मुलगा ओळखतो.