डोक्याला मार लागल्यावर 'सुजेचं इंजेक्शन' का देत नाहीत?

बेळगाव : गाडीवरनं पडून डोक्याला मार लागलेला पेशंट आयसीयूत गेला की बाहेर बसलेल्या नातेवाईकांत एक प्रश्न हमखास निघतो. 'मेंदूला सूज आहे म्हणतात, मग सूज उतरायचं इंजेक्शन का देत नाहीत?' चंदगड, खानापूरकडनं पेशंट घेऊन बेळगावला आलेले लोकही हेच विचारतात.

प्रश्न चुकीचा नाही. असं इंजेक्शन, म्हणजे स्टेरॉईड, पूर्वी डोक्याच्या मारावर दिलं जायचं. मेंदूतल्या गाठीभोवतीची सूज त्यानं उतरते, आजही त्यासाठी ते वापरतात. माराची सूजही तशीच उतरेल, असा समज होता.

तो २००४ मध्ये मोडला. 'क्रॅश' नावाच्या चाचणीत ४९ देशांतल्या २३९ दवाखान्यांतले १०,००८ पेशंट होते. निम्म्यांना स्टेरॉईड दिलं, निम्म्यांना औषध नसलेलं सलाईन. दोन आठवड्यांत स्टेरॉईडवाल्यांतले २१.१ टक्के दगावले, दुसऱ्या गटातले १७.९ टक्के. शंभरामागे तीन जीव जास्त गेले. वीस हजार पेशंट घ्यायचे ठरले होते, पण चाचणी मध्येच थांबवावी लागली. पुढं प्रोजेस्टेरॉनवर आशा होती, तीही २०१४ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांत फोल ठरली.

पाय मुरगळला तर सूज बाहेर फुगते. कवटी ही हाडाची बंद पेटी, आतल्या सुजेला जागाच नाही. त्यामुळं दाब वाढतो, रक्त पोचत नाही, आणखी पेशी मरतात आणि सूज आणखी वाढते. आदळल्या क्षणी झालेलं नुकसान परत येत नाही. डॉक्टरांची लढाई असते ती या पुढच्या नुकसानाशी.

ती दिसायला साधी असते. डोक्याकडची खाट ३० अंश वर, मान सरळ, म्हणजे शिरांतलं रक्त सहज खाली उतरतं. ऑक्सिजन आणि बीपी घसरू द्यायचं नाही, कारण थोडा वेळ घसरलं तरी मेंदूला ते फार महागात पडतं. गरज पडली तर झोपेचं औषध देऊन व्हेंटिलेटरवर ठेवतात, म्हणजे मेंदूची ऑक्सिजनची मागणी कमी होते. दाब वाढलाच तर मॅनिटॉल किंवा जास्त मिठाचं सलाईन देतात, ते मेंदूतलं पाणी रक्तात ओढून घेतं. बाहेर बसलेल्यांना वाटतं, नुसतं सलाईनच चाललंय. बिलात खाट उचलल्याची ओळ येत नाही, पण खरं काम तिथंच चाललेलं असतं.

एवढं करून दाब उतरला नाही, तर कवटीचा मोठा तुकडा काढून सुजेला जागा करून देतात. हाड पोटाच्या कातडीखाली किंवा फ्रीझरमध्ये जपून ठेवतात आणि सूज उतरल्यावर काही आठवड्यांनी-महिन्यांनी परत बसवतात. २०१६ च्या ४०८ पेशंटांच्या चाचणीत सहा महिन्यांनी ऑपरेशन झालेल्यांतले २६.९ टक्के दगावले होते, फक्त औषधांवर ठेवलेल्यांतले ४८.९ टक्के. मात्र वाचलेल्यांत पूर्ण परावलंबी किंवा भानावर न आलेले ऑपरेशनच्या गटात जास्त होते. संमतीच्या कागदावर सही करण्याआधी घरच्यांनी 'वाचेल का?' एवढंच न विचारता 'वाचला तर कसा असेल?' हेही विचारावं. उत्तर ठाम मिळणार नाही, तरी विचारावं.

या सगळ्याच्या आधी वेळेचा प्रश्न असतो. रक्ताची गाठ दाबत असेल तर ती लवकर काढावी लागते. काही पेशंट पडल्यावर उठून बसतात, चहा मागतात आणि दोन-चार तासांत गुंगीत जातात. पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, असंबद्ध बोलणं, फिट, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, एक बाहुली मोठी दिसणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नये. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर लक्षण नसतानाही दाखवावं.

१०८ कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा तिन्हीकडे चालतो. गाडी येईपर्यंत मान वाकवू नये, पाणी पाजू नये आणि घरात पडलेली अ‍ॅस्पिरिन किंवा स्टेरॉईडची गोळी तर अजिबात देऊ नये.