निकाल तालुक्याचा, चर्चा राजधानीची

2 मे 2024 रोजी इंग्लंडमधल्या एसेक्स काउंटीत, थेम्स नदीच्या मुखाशी असलेल्या कॅसल पॉइंट या छोट्याशा भागाच्या कौन्सिलची निवडणूक झाली. जागा 39. मतमोजणी संपली तेव्हा हुजूर पक्ष, मजूर पक्ष, लिबरल डेमोक्रॅट किंवा ग्रीन, देशभर पसरलेल्या यांपैकी एकाही पक्षाच्या पदरात एकसुद्धा जागा पडलेली नव्हती. सगळ्या जागा दोन स्थानिक पक्षांकडे गेल्या. त्यांतला एक कॅन्व्ही बेटापुरता, दुसरा पलीकडच्या गावांचा. बरोबर नऊ आठवड्यांनी, 4 जुलैला, सार्वत्रिक निवडणूक झाली आणि याच भागाने हुजूर पक्षाच्या रिबेका हॅरिस यांना पुन्हा खासदार केले. त्या निवडणुकीत हुजूर पक्ष देशभरात 121 जागांवर घसरला होता, तरीही इथली जागा त्याने राखली. नऊ आठवड्यांत माणसे तर बदलली नव्हती. मे महिन्यात त्यांना एक गोष्ट विचारली गेली, जुलैत दुसरी, आणि त्यांनी ज्याचे त्याचे उत्तर दिले. इंग्लंडमधले स्थानिक निकाल वाचताना नेमकी हीच गोष्ट वर्षानुवर्षे नजरेआड होते, आणि तिची किंमत आता त्या कौन्सिलांनाच मोजावी लागते आहे, असे माझे म्हणणे आहे.

आधी ही कौन्सिल म्हणजे काय ते पाहू, कारण नावाने घोटाळा होतो. इंग्लंडमधले ‘डिस्ट्रिक्ट’ म्हणजे आपल्या मनातला जिल्हा नव्हे. जिल्ह्याच्या जागी तिथे काउंटी असते. डिस्ट्रिक्ट आकाराने आपल्या तालुक्याच्या जवळ जाते, लोकवस्ती साधारण लाख-सव्वा लाख. काहींना ‘बरो’ म्हणवून घेण्याचा जुना मान आहे, कामे मात्र तीच. 1972 च्या कायद्याने, 1 एप्रिल 1974 पासून, ही दुहेरी घडी बसली. शाळा, रस्ते, ग्रंथालये, वृद्ध आणि निराधार मुलांची काळजी काउंटीकडे. घरोघरचा कचरा उचलणे, बांधकामाचे परवाने, बेघरांची सोय, हॉटेलांची तपासणी, मतदारयादी हे सारे डिस्ट्रिक्टकडे. विभागणी इतकी बारीक की तुमच्या दारातली चाकांची कचरापेटी रिकामी करते डिस्ट्रिक्ट, आणि त्या कचऱ्याची विल्हेवाट लावते काउंटी. कौन्सिल टॅक्सचे बिल डिस्ट्रिक्ट पाठवते, पण त्यातला सुमारे दशांशच स्वतःकडे ठेवते. बाकीचा बहुतेक काउंटीला, पोलिसांना वगैरे जातो. ही रचना सगळीकडे नाही. लंडन, मँचेस्टरसारखी महानगरे आणि बरेच इतर भाग एकाच कौन्सिलवर चालतात. 2023 नंतर असल्या दुहेरी व्यवस्थेतली 164 डिस्ट्रिक्ट कौन्सिले उरली होती.

निवडणुकीचा आवाका लहान असल्यामुळे तिचा पोतही वेगळा असतो. उमेदवाराला अनामत भरावी लागत नाही. एक सूचक आणि एक अनुमोदक, दोन सह्या पुरतात. बऱ्याच वॉर्डांतून दोन किंवा तीन सदस्य निवडायचे असतात. पुण्याच्या प्रभागातही मतदार चार मते देतो, पण तिथे अ, ब, क, ड अशा जागा वेगळ्या आणि प्रत्येक जागेची लढत वेगळी. इंग्लंडमध्ये सगळ्या उमेदवारांची एकच यादी, मतदाराच्या हातात तीनपर्यंत फुल्या, आणि पहिले तीन विजयी. म्हणून मतमोजणीच्या टेबलांवर एक खास काम चालते. तिन्ही फुल्या एकाच पक्षाला दिलेल्या मतपत्रिका आधी बाजूला काढून गठ्ठ्याने मोजतात. उरतात त्या सरमिसळ मतपत्रिका, ज्यांत एक फुली हुजूर पक्षाला, दुसरी ग्रीनला, तिसरी एखाद्या अपक्षाला असते. या मोठ्या कागदी तक्त्यावर एकाशेजारी एक अशा लावतात की नुसते फुल्यांचे रकाने दिसावेत, आणि मग आडव्या ओळी मोजतात. वेळखाऊ, डोळे शिणवणारे काम आहे. पण त्या तक्त्यावर जे दिसते ते टीव्हीवरच्या रंगीत नकाशात कधीच दिसत नाही: लोक पक्ष ओलांडून माणसे निवडतात. मते समसमान पडली तर निकाल ईश्वरचिठ्ठीवर. गिरगावातल्या एका प्रभागाने 2017 च्या मुंबई महापालिका निवडणुकीत ते अनुभवले आहे. त्याच वर्षी इंग्लंडच्या उत्तर टोकाला, नॉर्थम्बरलंडच्या काउंटी निवडणुकीत, साउथ ब्लाइद वॉर्डात दोन उमेदवारांना सारखी मते पडली आणि काड्या ओढून निर्णय झाला. लांब काडी लिबरल डेमोक्रॅट उमेदवाराच्या हाती आली, आणि 67 जागांच्या त्या कौन्सिलमध्ये हुजूर पक्ष 33 वर, बहुमताच्या एक जागा अलीकडे थांबला.

या हजारो निकालांचे राजधानीत काय होते? दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांचे एका आकड्यात रूपांतर होते. बीबीसीसाठी निवडणूक अभ्यासक जॉन कर्टिस आणि त्यांचे सहकारी निवडक वॉर्डांच्या मतांवरून हिशोब मांडतात की आज देशभर मतदान झाले असते तर कोणाला किती टक्के मिळाले असते. मार्गारेट थॅचर यांनी 1983 आणि 1987 या दोन्ही वेळा मे महिन्यातले स्थानिक निकाल तपासून लगेच जूनमध्ये सार्वत्रिक निवडणूक लावली आणि जिंकली. तेव्हापासून ही सवय अधिकच पक्की झाली. मे 2023 मध्ये 230 कौन्सिलांतल्या सुमारे आठ हजार जागांसाठी मतदान झाले, त्यांत डिस्ट्रिक्ट कौन्सिलेच सर्वांत जास्त होती. हुजूर पक्षाने हजारावर जागा गमावल्या. बातमी झाली ती एकच, तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांचे आता काय होणार. कुठल्या गावच्या परवाना समितीत आता कोण बसणार, हा प्रश्न त्या गावच्या साप्ताहिकापुरता राहिला.

यावर कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे, की हिशोब बरोबर तर आला. 2023 च्या त्या अंदाजात मजूर पक्ष 35 टक्क्यांवर होता. चौदा महिन्यांनी सार्वत्रिक निवडणुकीत ब्रिटनभर त्याला 34.7 टक्के मिळाले. हुजूर पक्ष 26 वर होता, मिळाले 24.4. म्हणजे बहुसंख्य मतदार स्थानिक मतदानातही देशाच्या सरकारवरचा राग किंवा लोभच काढतात, हे मान्य करायलाच हवे. पण त्याच अंदाजात लिबरल डेमोक्रॅट 20 टक्क्यांवर होते आणि प्रत्यक्षात 12.5 वर आले. हा फरक चुकीच्या हिशोबाचा नाही. गावातला रस्त्याचा दिवा, पुराचे पाणी, बंद पडणारी बस यांमागे वर्षभर धावणाऱ्या कौन्सिलरला लोक मत देतात, आणि खासदार निवडताना पुन्हा दुसरीकडे वळतात. या पक्षाचा कित्येक दशकांचा पाया याच कामावर उभा आहे. सरासरी काढली की देशाचा कल दिसतो, हे खरे. पण सरासरी काढतानाच अशी प्रत्येक स्थानिक गोष्ट पुसली जाते. आणि कौन्सिल चालवायची असते ती एका गावात, सरासरीत नव्हे.

नॉटिंगहॅमशायरमधले अ‍ॅशफिल्ड घ्या. जुना कोळसा खाणींचा मुलूख, मजूर पक्षाचे घर. मे 2019 मध्ये तिथे ‘अ‍ॅशफिल्ड इंडिपेंडंट्स’ या स्थानिक गटाने 35 पैकी 30 जागा घेतल्या. त्याच डिसेंबरात, डिस्ट्रिक्टचा बहुतांश भाग ज्यात येतो त्या मतदारसंघाने हुजूर पक्षाचा खासदार निवडला. 2023 मध्ये त्याच स्थानिक गटाच्या जागा 32 झाल्या. 2024 मध्ये खासदारकी रिफॉर्म यूकेला गेली. चार निवडणुका, आणि संसदेच्या निवडणुकीतल्या लाटेचा कौन्सिलवर काडीचाही परिणाम नाही. सफक काउंटीत तर उलटा प्रवास झाला. मिड सफकच्या 34 जागांपैकी 2019 मध्ये ग्रीन पक्षाकडे 12 होत्या, 2023 मध्ये 24 झाल्या. ब्रिटनमध्ये एखाद्या कौन्सिलवर ग्रीन पक्षाला स्वतःचे बहुमत मिळण्याची ही पहिलीच वेळ. हा भाग विद्यापीठाचा नाही, तरुणांचाही नाही. शेतांचा, जुन्या चर्चचा, हुजूर पक्षाला पिढ्यान्‌पिढ्या मत देणाऱ्यांचा आहे. इथे ग्रीन पक्ष वॉर्डागणिक, दारोदार फिरून वाढला, आणि 2024 मध्ये याच परिसरातल्या वेव्हनी व्हॅलीतून त्याचा खासदार निवडून आला. दिल्लीकडून गल्लीकडे वारे वाहते असे आपण म्हणतो. इथे ते गल्लीतून उठले.

मग हे मतदार नेमके कशावर मत देतात? बहुतेक वेळा जमिनीवर. डिस्ट्रिक्टच्या हातातली सर्वांत मोठी सत्ता म्हणजे बांधकामाला परवानगी देणे किंवा नाकारणे. कुठल्या शेतात तीनशे घरे उभी राहणार, याची नोटीस रस्त्याकडेच्या खांबाला लागते, समितीची बैठक भरते, रहिवाशाला बोलायला बहुतेक ठिकाणी तीन मिनिटे मिळतात आणि मग हात वर करून मतदान होते. कॅसल पॉइंटमध्ये शहरांभोवती राखलेल्या हिरव्या पट्ट्यात घरे बांधण्याचा आराखडा वर्षानुवर्षे धुमसत होता, आणि 2022 मध्ये कौन्सिलने तपासून झालेला आराखडाच मागे घेतला. एसेक्समध्येच अटल्सफर्ड डिस्ट्रिक्टात स्टॅनस्टेड विमानतळ आहे. तिथल्या हुजूर पक्षाच्या कौन्सिलने 2018 मध्ये विमानतळाची मर्यादा वर्षाला साडेतीन कोटींवरून 4 कोटी 30 लाख प्रवाशांपर्यंत वाढवायला मंजुरी दिली. पुढच्या मे महिन्यात रहिवाशांच्या पक्षाने 39 पैकी 26 जागा जिंकल्या आणि जानेवारी 2020 मध्ये नव्या समितीने तोच प्रस्ताव फेटाळला. विमानतळ अपिलात गेला, सरकारी निरीक्षकांनी 2021 मध्ये परवानगी दिली आणि खर्चही कौन्सिलच्या माथी मारला.

ही गोष्ट दोन्ही बाजूंनी बोचते. या स्थानिक पक्षांवरचा सर्वांत गंभीर आक्षेप असा की ते ‘आमच्या परसात नको’ म्हणणाऱ्यांचे पक्ष आहेत. ज्यांचे घर झाले ते मत देतात, ज्यांना घर हवे आहे ते अजून त्या वॉर्डात राहायलाच आलेले नसतात. इंग्लंडमध्ये घरांची टंचाई खरी आहे, भाडी तरुणांना चिरडत आहेत, आणि प्रत्येक डिस्ट्रिक्टने नकार दिला तर घरे बांधायची कुठे? या आक्षेपाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण अटल्सफर्डने दाखवले ते हे की नकाराला आधीच वरून लगाम आहे: निरीक्षक आहेत, अपील आहे, चुकीच्या नकाराचा दंड आहे. करवाढीलाही लगाम आहे. तीन टक्के किंवा पाच पाउंड यांतल्या मोठ्या आकड्यापलीकडे कर वाढवायचा तर डिस्ट्रिक्टला सार्वमत घ्यावे लागते. इतक्या दोऱ्यांनी बांधलेल्या कौन्सिलला लोकांच्या मताने निदान ‘नाही’ म्हणता येते, आणि ते ‘नाही’ मोडायचे तर सरकारला कारण द्यावे लागते. ही सक्ती मला मोलाची वाटते.

दुसरा आक्षेप मतदानाच्या टक्क्यांचा. तीन मतदारांपैकी जेमतेम एक जण केंद्रावर येतो, मग या निकालांना एवढे वजन का द्यायचे? टक्का कमी आहे हे दुःखाचेच. 2023 पासून छायाचित्र असलेले ओळखपत्र सक्तीचे झाले आणि पहिल्याच वर्षी सुमारे 14,000 लोक केंद्रावरून परत गेले ते पुन्हा आलेच नाहीत. पण ज्या निवडणुकीचा अर्थ सगळी माध्यमे ‘पंतप्रधानांची चाचणी परीक्षा’ असा सांगतात, तिला सामान्य माणसाने दुय्यम मानले तर दोष त्याचा कसा? खरे तर ही निवडणूक विलक्षण मोकळी आहे. राष्ट्रकुलातल्या देशांचे नागरिक कायदेशीर वास्तव्य असेल तर तिथे मत देऊ शकतात. पुण्याहून कामासाठी गेलेली, भारतीय पासपोर्टवर राहणारी मुलगी मतदारयादीत नाव घालू शकते आणि केंद्रावर तोच पासपोर्ट ओळखपत्र म्हणून चालतो. आपल्यापैकी अनेकांना हे माहीतही नसते. लहान वॉर्ड दोन-तीन हजार मतदारांचा असतो, येणारे हजारभर. तिथे एका सोसायटीतली चाळीस मतेसुद्धा निकाल फिरवू शकतात.

आता मुद्दा किमतीचा. डिसेंबर 2024 मध्ये सरकारने श्वेतपत्रिका काढून जाहीर केले की उरलेली सगळी दुहेरी व्यवस्था मोडून साधारण पाच लाख लोकवस्तीच्या एकेका मोठ्या कौन्सिलमध्ये विलीन करायची. कारणे सरळ आहेत: पैसा वाचेल, आणि खड्ड्याची तक्रार कुणाकडे आणि कचऱ्याची कुणाकडे हा गोंधळ संपेल. गोंधळ खरा आहे, हे वर सांगितलेच. पण नॉर्थ यॉर्कशायरमध्ये एप्रिल 2023 मध्ये सात डिस्ट्रिक्ट आणि काउंटी मिळून एक कौन्सिल झाली, आठ हजार चौरस किलोमीटरची, सहा लाखांवर लोकांची, 90 सदस्यांची. म्हणजे एका सदस्यामागे जवळजवळ सात हजार माणसे. मिड सफकमध्ये हाच आकडा तीन हजार. पन्नास वर्षे ज्या निकालांचा उपयोग फक्त राजधानीचे तापमान मोजायला केला, ते बंद होताना कुणाला काही गमावल्यासारखे वाटत नाही, कारण त्यांच्यात आणखी काही असते हे कधी सांगितलेच गेले नाही.

लंडनला लागूनच असलेल्या सरे काउंटीत एप्सम अँड यूएल हे छोटे बरो आहे, ऐंशी हजार वस्तीचे. 1937 मध्ये ते स्थापन झाले तेव्हापासून तिथली सत्ता एकदाही राष्ट्रीय पक्षाकडे गेलेली नाही. रहिवासी संघटनांनीच ती चालवली, त्या मतदारसंघातून 2024 पर्यंत दर वेळी हुजूर पक्षाचाच खासदार जात असतानाही. सरेची काउंटी आणि तिच्यातली अकरा डिस्ट्रिक्ट रद्द करून बारा लाख लोकांसाठी दोन कौन्सिले करण्याचा निर्णय ऑक्टोबर 2025 मध्ये जाहीर झाला. ठरल्याप्रमाणे एप्रिल 2027 मध्ये हे बरो पूर्व सरेत विरून जाईल.