हरवलेली डावी बाजू

मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली, की डोळे शाबूत असूनही काही रुग्णांना डावीकडच्या जगाचे भानच राहत नाही. ताटात डावीकडे वाढलेली चटणी-कोशिंबीर तशीच राहते. घरच्यांना तो हट्ट वाटावा!

१९७८ मध्ये बिसिआक व लुत्साती या इटालियन संशोधकांनी मिलानच्या अशा दोन रुग्णांना, आपण चौकात कॅथेड्रलकडे तोंड करून उभे आहोत, अशी कल्पना करायला सांगितले. त्यांनी मुख्यतः उजवीकडच्याच इमारती सांगितल्या. मग कल्पनेतच कॅथेड्रलकडे पाठ करायला लावली. प्रयोग किती साधा! आता मघाशी गाळलेल्या इमारती उजवीकडे आल्या. त्या आठवल्या आणि आधीच्या गळाल्या. डोळ्यांचा येथे संबंधच नव्हता. स्मृतीही पुसली गेली नव्हती; डावीकडे असेल तेवढीच हाती लागत नव्हती.