एकवीस थेंब

सकाळचे साडेसात. सिव्हिल हॉस्पिटलमधला स्त्रियांचा मेडिकल वॉर्ड. मावशींनी नुकतंच फिनेल मारलंय, फरशी अजून ओली आहे, आणि तिच्यावरून पाय जपत नर्सिंगच्या सात-आठ विद्यार्थिनी आत येतात. केसांना जाळी, नखं कापलेली, हातात ना बांगडी ना अंगठी. खिशात लाल-निळी पेनं, कात्री आणि सेकंदकाट्याचं घड्याळ. बारावीनंतरचा तीन वर्षांचा जीएनएम डिप्लोमा. या दुसऱ्या वर्षाच्या. मी आईच्या खाटेशेजारी स्टुलावर बसलेय.

रात्रपाळीच्या सिस्टर ओव्हर देतायत. जागरणाने आवाज बसलाय. "चार नंबर, शुगर, पहाटे ३१०, इन्सुलिन दिलंय. पाच नंबर, ताप उतरलाय, लघवी मोजायची." मुली मागून चालत भराभर लिहून घेतात. खाटा तीस, बायका त्याहून जास्त. दोघी खाली गादीवर. दिवसपाळीला सिस्टर दोनच.

पहिलं काम खाटा करायचं. चादरीला सुरकुती राहिली की ट्यूटर मॅडम ती चिमटीत धरून दाखवतात. "ही दिवसभर पाठीखाली टोचणार. पुन्हा कर." मुलगी चादर ओढून ताणते, कोपऱ्याला पाकिटासारखी घडी घालून गादीखाली खोचते. कुणी तक्रार करत नाही. तक्रार करायला वेळच नाही.

नऊ नंबरच्या आजींना अर्धांगवायू झालाय, डावी बाजू हलत नाही. अंग पुसायचं म्हणून आडोसा हवा. वॉर्डात पडदा एकच, तोही एका बाजूपुरता. दुसऱ्या बाजूला एक मुलगी दोन्ही हातांनी चादर धरून उभी राहते. आजींचा मुलगा चहाला गेलाय, म्हणून कूस वळवायला मी हात देते.

माकडहाडापाशी रुपयाएवढा लाल डाग आहे.

"चोळशील?" मॅडम अंग पुसणाऱ्या मुलीला विचारतात.

"नाही मॅडम."

"का?"

"आत आधीच दुखावलंय. चोळलं की आणखी बिघडेल."

ती डागावर बोट दाबते आणि उचलते. जागा क्षणभर पांढरी पडायला हवी; पडत नाही, तशीच लाल. "पहिली पायरी," ती म्हणते. कातडी अजून फाटलेली नाही, म्हणजे वेळ हातात आहे. पोटऱ्यांखाली उशी सरकवून ती टाचा अधांतरी ठेवते. मग वहीचं पान फाडून त्यावर दर दोन तासांच्या वेळा लिहिते, पुढे डावी-उजवी कूस, आणि तो कागद खाटेच्या पायथ्याशी चिकटपट्टीने लावते.

"पोरी, हात लई गार हाय तुजा," आजी म्हणतात.

ती तळवे एकमेकांवर घासते. "आता?"

"आता बरं हाय."

बेडपॅन उचलून नेताना तीच मला सांगते, "पहिल्या वर्षी हे केलं की जेवण जायचं नाही. आता ड्युटी संपली की आधी भूक लागते."

साडेनऊला गोळ्या-इंजेक्शनांची फेरी. औषध कपाटातून काढताना नाव वाचायचं, सिरिंजमध्ये भरताना वाचायचं, बाटली परत ठेवताना पुन्हा वाचायचं. एक मुलगी सहा नंबरपाशी जाऊन बाईंना त्यांचंच नाव ऐकवते, "तुम्हीच ना?" बाई मान हलवतात. मॅडम तिचा हात तिथेच थांबवतात. "त्यांना कमी ऐकू येतं, त्या सगळ्यालाच हो म्हणतात. रात्री खाटा बदलल्या असतील तर? नाव सांगायचं नाही, विचारायचं." मुलगी कानाशी वाकून नाव विचारते, केसपेपरशी पडताळते, मग सुई टोचते. वापरलेल्या सुईला टोपण परत लावत नाहीत, कारण तेव्हाच ती स्वतःच्या बोटात जाते. सुई पांढऱ्या डब्यात, हातमोजे लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, काचेची कुपी निळ्या डब्यात. हात आपोआप त्या त्या रंगाकडे वळतात.

मग ती मुलगी आईपाशी येते. आईचं हृदय थकलेलं आहे. केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिलंय, सलाईन ५०० मिली, आठ तासांत. सेटच्या पाकिटावर छापलंय, एक मिलीला २० थेंब. ती चिठोऱ्यावर गणित मांडते: ५०० गुणिले २०, भागिले ४८० मिनिटं. उत्तर २०.८. म्हणजे मिनिटाला २१ थेंब. लहान मुलांच्या सेटला एका मिलीचे ६० थेंब, तिथे हिशेब वेगळा. गणित झालं, आता एक हात नळीच्या चाकावर, दुसऱ्या हातात घड्याळ. ओठांत आकडे.

"ओ सिस्टर, आमचं संपलं बगा!" बारा नंबरचे नातेवाईक.

ती वळून बघते. बाटलीत अजून चार बोटं पाणी आहे. "येते काका, दोन मिनिटं." पुन्हा एकपासून.

"ए स्टुडंट, हे सॅम्पल लॅबला टाकून ये." टेबलावरून सिस्टर. सिस्टरांपुढे केसपेपरांचा ढीग आहे, फोन वाजतोय, दारात नवा पेशंट आलाय. हाक मारण्यावाचून त्यांना तरी इलाज कुठे आहे! ती चाक आवळून थेंब धिमे करते, सॅम्पलची नळी घेऊन पळत जाते, पळत येते, हात धुते. पुन्हा एकपासून.

"बाई, जरा जोरात सोड की," आता आई म्हणते. "पटकन संपेल."

"नको काकू. भरभर गेलं तर हृदयावर ताण येईल, छातीत पाणी साठेल. हळूच जाऊ दे."

तेवढ्यात वॉर्डबॉय मामा स्ट्रेचर घेऊन येतात, "ताई, सरका." ती सरकते, पण या वेळी नजर थेंबावरून काढत नाही. सेकंदकाटा बारावर येतो. एकोणीस, वीस, एकवीस. बाटलीवर लावलेल्या पट्टीवर ती सुरू केल्याची वेळ लिहिते, तासातासाच्या खुणा करते आणि सही करते.

दीड वाजता सगळ्या जणी खिडकीच्या कठड्यावर वह्या टेकवून लिहीत बसतात. सकाळपासून मराठीत ऐकलेलं, बघितलेलं सगळं आता इंग्रजीत: रुग्णाची गरज काय, आपण काय केलं, कशासाठी केलं, गुण आला का. वरून मॅडमची सही. दोनला ड्युटी सुटेल, जेवण, दुपारी वर्ग, रात्री अभ्यास. परीक्षेत यांना लाल डागाची कारणं पाच मुद्द्यांत विचारतील, आणि त्या लिहितीलही. पण डागावर बोट दाबून थांबायला, थेंबाकडे बघत मिनिटभर गप्प उभं राहायला फक्त वॉर्डच शिकवतो. आणि वॉर्डात त्यांना तेवढंच कुणी करू देत नाही. माणसं कमी, म्हणून शिकाऊ मुलगी म्हणजे मोकळा हात असं सगळेच धरून चालतात, नातेवाईक सर्वांत आधी.

जागा भरणं सरकारच्या हातात आहे, ती मागणी आपण लावून धरलीच पाहिजे. एक गोष्ट मात्र आजच आपल्या हातात आहे. तुमचं माणूस वॉर्डात असेल आणि एखादी मुलगी घड्याळ धरून सलाईनकडे बघत उभी असेल, तर त्या मिनिटात तिला हाक मारू नका. कुणी मारलीच, तर तुम्ही सांगा, "थांबा, ती मोजतेय."