शंकरपटाची पडद्यामागची मेहनत

अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर हे गाव शंकरपटासाठी, म्हणजे सरळ धावपट्टीवरील बैलजोड्यांच्या वेगाच्या स्पर्धेसाठी, ओळखले जाते. सुमारे ४०२ मीटर अंतरावर मोटारी धावतात त्या ड्रॅग रेसिंगप्रमाणे येथेही वळण नसते आणि सेकंदाच्या अंशाने निकाल फिरतो. मात्र येथील सामर्थ्य सजीव असल्याने खरे काम धावेच्या कितीतरी आधी गोठ्यात घडते. सरकीची ढेप व चुनीचा खुराक, अंगाची मालिश आणि दोन्ही बैलांचे पाऊल एकमेकांशी जुळवणारा सराव यांत घरातील माणसे गुंतलेली असतात, तर हलक्या छकडीवरचा धुरकरी, अर्थात जोडी हाकणारा, केवळ काही क्षणांसाठी दिसतो. जोडीची ही जुळणी हेच या विद्येचे मर्म होय. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये या शर्यती थांबवल्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी दिली. १८ मे २०२३ रोजी त्याच न्यायालयाच्या घटनापीठाने शर्यतींना मुभा देणारा राज्याचा सुधारित कायदा वैध ठरवला. पशूंचे हाल टाळण्याच्या या अटी योग्यच असून जाणत्या पशुपालकास त्यांचा जाच वाटू नये.