कांद्याचा बाजार व खेळ सिद्धांत

उन्हाळी कांदा निघूं लागला म्हणजे लासलगांवच्या बाजार समितीकडे वाहनांची रीघ लागते, आणि बहुधा त्याच दिवसांत भाव कोसळतो. याचें सारें खापर व्यापाऱ्याच्या माथीं फोडणें सोपें आहे. परंतु कांहीं कारण आपल्या घाईंतही आहे, असें आम्हांस वाटतें.

जॉन फॉन नॉयमन व ऑस्कर मॉर्गेनस्टर्न या विद्वानांनीं १९४४ सालीं खेळ सिद्धांतावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्या व्यवहारांत आपला लाभ दुसऱ्याच्या वागणुकीवरही अवलंबून असतो, त्याचें गणित हें शास्त्र मांडतें.

केवळ उदाहरणादाखल समजा कीं, दोन शेतकऱ्यांपाशीं प्रत्येकीं १० क्विंटल कांदा आहे. दोघांनींही तो चाळींत ठेवून थोडा थोडा विकला, तर प्रत्येकास १५,००० रुपये येतील. दोघांनींही एकदम आणला, तर १०,०००. एकानें घाई केली व दुसरा थांबला, तर पहिल्यास चढा भाव साधून १७,००० मिळतील. दुसऱ्यास घट व सड सोसून ९,०००. म्हणजे शेजारी कसाही वागो, घाईंतच आपला फायदा दिसतो. म्हणून दोघेही घाई करितात, व दोघेही ५,००० रुपयांस मुकतात.

हा पेंच उपदेशानें सुटत नाहीं. दिलेला शब्द पाळला जाईल अशी व्यवस्था लागते. उंसाचें पाहा. तोडलेला ऊस पडून राहिला कीं वजन व साखर दोन्ही घटतात. म्हणून सहकारी साखर कारखाने लागवडीच्या नोंदीवरून तोडीची पाळी ठरवितात. पाळीवरून तंटे होतात खरे. तथापि सर्वांचा ऊस एकाच दिवशीं दाराशीं येऊन पडत नाहीं.

कांद्यासही अशी पाळी लावतां येईल. गांवच्या सोसायटीनें सभासदांच्या मालाची नोंद व प्रतवारी करावी, आणि कोणीं कोणत्या आठवड्यांत किती माल न्यावा हें ठरवावें. मात्र ज्याच्या डोक्यावर देणें आहे, त्यास थांबा म्हणणें व्यर्थ होय. त्यास चाळींतील मालावर आधीं उचल द्यावी. नियम मोडणारास पुढील हंगामीं ही उचल मिळूं नये. शेजारी तोच, हंगामही पुनःपुन्हां येणारा. अशा ठिकाणीं शब्द पाळणेंच अखेर किफायतशीर ठरतें, हेंही या शास्त्राचेंच सांगणें आहे. चाळी भरण्यापूर्वीं आमच्या वाचकांनीं आपल्या सोसायटीच्या सभेंत हा विषय अवश्य काढावा.