पाण्याचा खजिना आणि आपल्या गावची टाकी



कोल्हापुरात मंगळवार पेठेत कुणाकडे जायचं असलं, की आपण रिक्षावाल्याला सांगतो, ‘पाण्याच्या खजिन्यापाशी सोडा.’ खूण पक्की, पत्ता विचारावा लागत नाही. पण तिथं खजिना कसला, हे मी कित्येक वर्षं कुणाला विचारलंच नव्हतं. आमच्या गावात पाण्यावरनं भांडण पेटलं, तेव्हा विचारलं.

शहराच्या दक्षिणेला कळंबा तलाव आहे. संस्थानच्या काळात, 1880 च्या सुमारास, शहराला पाणी द्यायला तो बांधला. तलावाची जागा शहरापेक्षा उंचावर. त्यामुळं पाणी उताराने आपोआप पेठेपर्यंत यायचं. ते साठवून पुढं वाटून द्यायचं ठिकाण म्हणजे पाण्याचा खजिना. तेव्हा वीज नव्हती, मोटर नव्हती. सगळं काम उंचीनं केलं.

साठवलेल्या पाण्याला खजिना म्हणायची रीत जुनी आहे. बीडजवळच्या जुन्या विहिरीलाही खजाना विहीर म्हणतात. आणि उंचीचा उपयोगही जुनाच. छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, मलिक अंबरनं सतराव्या शतकात जमिनीखालून नहर आणली. तिच्या वाटेवर उंच बंब आहेत. वरच्या जागेवरनं निघालेलं पाणी बंद नळातनं बंबात आपसूक वर चढतं. ज्या उंचीवरनं पाणी निघालं, जवळजवळ त्या उंचीपर्यंत ते चढू बघतं. पाण्याचा स्वभावच तो.

आता हे आपल्या गावच्या टाकीला लावून बघू. दवाखान्यात सलाईनची बाटली वर का टांगतात? खाली ठेवली तर थेंब उतरणार नाही. टाकीचं तसंच. पाण्याची पातळी चावीपेक्षा 10 मीटर उंच असली, तर दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलोचा दाब मिळतो. लक्षात घ्या, दाब ठरतो उंचीवर. टाकी किती मोठी यावर नाही. मोठ्या टाकीत पाणी जास्त वेळ पुरेल, पण जोर वाढणार नाही. शिवाय पाइप लांब आणि बारीक असला, तर घासून घासून तो जोर वाटेतच कमी होतो.

आमच्या गावात नेमकं इथंच अडलं होतं. वरच्या गल्लीत चावीला करंगळीएवढी धार. बायका पहाटे उठून खालच्या गल्लीतनं घागरी आणायच्या. एकीचे दिवस भरत आले होते, तरी तीही डोक्यावर घागर घेऊन चढ चढायची. ग्रामसभेत जो तो म्हणे, ‘मोठी टाकी बांधा.’

आमच्या गटाच्या बैठकीत एका मावशींनी विचारलं, ‘टाकी भरलेली असते, मग पाणी जातं कुठं?’ आम्ही हिशेब करायचं ठरवलं. बचतीचा करतो, तसाच पाण्याचा. एकसारख्या दोन बादल्या घेतल्या, मोबाइलवर वेळ लावली. खालच्या गल्लीत बादली दीड मिनिटात भरली. वरच्या गल्लीत अकरा मिनिटं लागली. मग पाणी सोडणाऱ्या मामांशी बोलून एक दिवस सगळ्यांना नळाला लावलेल्या मोटरी बंद ठेवायला लावल्या. वरची बादली चार मिनिटात भरली!

म्हणजे टाकी लहान नव्हती, मोटरी पाणी ओढत होत्या. उंचीनं सगळ्यांना दिलेला दाब चार घरं पळवत होती. खरं सांगते, त्यातली एक मोटर आमच्याच घरची होती. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. पण आधी आमची काढली, मग दुसऱ्याच्या दारात जायला तोंड राहिलं.

मोटरीचा धोका आणखी एक आहे. मोटर पाणी ओढते तेव्हा पाइप कुठं फुटलेला असला, तर तिथनं गटाराचं पाणीही आत ओढलं जातं. मग जुलाब, कावीळ. आणि ते पाणी फक्त मोटरवाल्याच्या घरात जात नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, एवढं करून बघा. गावच्या दोन टोकांना बादली भरायला लागणारी वेळ आठवडाभर वहीत लिहा. टाकी शेवटची कधी धुतली, ती तारीख ग्रामपंचायतीत विचारा. गावच्या पाणीपुरवठा समितीत निम्म्या बायका असाव्यात असा नियम आहे; आपली नावं नुसती कागदावर आहेत का, तेही बघा. ग्रामसभेत वही घेऊन जा. आकडे समोर ठेवले, की ‘बायकांना काय कळतंय’ असं म्हणणाऱ्याला गप्प बसावं लागतं.

वरच्या गल्लीत अजून धबधबा नाही. शेवटच्या तीन घरांना पाइप बदलावा लागणार, त्याचा अर्ज दिलाय. पण ती पोरगी बाळंत होऊन आली, तेव्हा तिच्या दारातल्या चावीला पाणी होतं.

पुढच्या वेळी मंगळवार पेठेतनं जाताना खजिन्याकडं मान वर करून बघा. खजिना म्हटला की राखण आली, आणि वाटणीही आली.